वरचा हात, खालचा हात

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कुणी विचारलं नसलं तरी हे मी सांगते. माझा नवरा म्हणतो, "अगं, लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही सांगतेस यार." सांगते. त्याच्या पुण्याच्या घरात भिंतीवर तीन पिढ्यांच्या पदव्या टांगलेल्या आहेत, त्याला त्याचं काही वाटत नाही. मी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून निघाले. आश्रमशाळा, मग जिल्ह्याचं कॉलेज, मग परीक्षांवर परीक्षा, आणि मग दिल्लीतल्या सरकारी कचेरीतली खुर्ची. ती खुर्ची मला कुणी उचलून दिलेली नाही.

पण आज त्या खुर्चीबद्दल लिहायचं नाही. एका धनुष्याबद्दल लिहायचं आहे, आणि मी त्याचं काय केलं त्याबद्दल.

गेल्या हिवाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. डोळे दाखवायचे होते. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगणारे. "बाबाजी, जो गया सो गया. जो बचा है उसको बचाएँगे," म्हणाले आणि थेंब लिहून दिले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कायमचे. आबांची कडेची नजर गेली होती. उरली होती ती मधली, नळीतून पाहिल्यासारखी. ताटातली पोळी दिसायची, शेजारची वाटी दिसायची नाही. पण ते त्याचा गाजावाजा करत नसत. वाटी बोटांनी शोधायचे, भिंतीला पंजा लावून घरभर फिरायचे. चार दिवसांत त्यांना आमचं घर माझ्यापेक्षा जास्त माहीत झालं. बाथरूमच्या दाराची कडी सैल आहे हे मला त्यांनी सांगितलं.

येताना त्यांनी गोणपाटात गुंडाळलेलं माणसाच्या उंचीचं एक लाकूड आणलं होतं. स्टेशनवर पोलिसाने हटकलं.

"ताऊ, ये क्या है?"

"लकडी."

"वो तो दिख रहा है. किस चीज की?"

"अभी किसी चीज की नहीं," आबा म्हणाले, आणि पोलीस हसून बाजूला झाला.

घरी आल्यावर त्यांनी गोणपाट सोडलं. धामणीचं लाकूड होतं. आमच्याकडे धनुष्याला तेच घेतात, कारण ते वाकतं आणि परत येतं. वाकसाने तासायचं जाडंभरडं काम त्यांनी गावीच करून आणलं होतं. दोन्ही टोकांना दोरीच्या खाचा होत्या. एका टोकाला तापल्या खिळ्याने डागलेला काळा ठिपका होता, म्हणजे ते वरचं टोक. फक्त शेवटचं नाजूक काम राहिलं होतं.

"कुणासाठी हे?" मी विचारलं.

"तुझं राहिलं होतं," आबा म्हणाले.

मला कळायला जरा वेळ लागला. मी नऊ वर्षांची होते तेव्हा ते पाड्यावरच्या सगळ्यांना धनुष्यं करून द्यायचे. दिवसा वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारी, आणि सुट्टीच्या दिवशी दारात बसून हे काम. मी समोर उकिडवी बसून भुसा गोळा करायची. एकदा मी म्हणाले, मला पण करा एक. आबांनी माझी बोटं हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ह्यांना आधी लिहू दे. धनुष्य कुठे जात नाही." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. मग आश्रमशाळेत गेले, आणि खरं सांगायचं तर विसरून गेले. ते विसरले नव्हते. सत्तेचाळीस वर्षांच्या सेक्शन ऑफिसरसाठी त्यांनी रेल्वेतून लाकूड आणलं होतं.

मग आमच्या गॅलरीत रोज सकाळी काम सुरू झालं. दिल्लीचं जानेवारीतलं ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. तेवढ्या वेळात आबा शेंगदाण्यांची वाटी शेजारी घेऊन बसायचे. आमची घरची बोली वेगळी आहे, पण जावयाला कळावं म्हणून ते त्याच्यासमोर सावकाश, शाळेतल्यासारखं मराठी बोलायचे. धनुष्याच्या मुठीवरच्या अर्ध्या भागाला ते वरचा हात म्हणायचे, मुठीखालच्या अर्ध्याला खालचा हात. दोन्ही हात जोडीने वाकले पाहिजेत. एक जाड राहिला तर दुसऱ्यावर ओझं पडतं, मग बाण भलतीकडे जातो किंवा एक दिवस लाकूड मोडतं. म्हणून जो हात आळशी असेल त्याच्यावरून काचेच्या तुकड्याने पापुद्रा काढायचा. कांद्याच्या सालीहून पातळ.

एरवी हे काम डोळ्यांचं. धनुष्य आडवं बांधायचं, दोरी खाली ओढायची, लांब उभं राहून दोन्ही हात एकदम बघायचे. आबांना दोन्ही हात एकदम दिसत नव्हते. एक दिसला की दुसरा नजरेबाहेर. म्हणून ते उभे राहून, डोळे मिटून, धनुष्य डाव्या हातात धरून ओढायचे. मूठ आवळायची नाही, तळहातावर नुसतं टेकवायचं.

"हात नीट चालत असले तर ते तळहातात गप्प बसतं," त्यांनी जावयाला सांगितलं. "एक जरी आळशी असला तरी डोलतं. बघा, आत्ता डोलतंय."

नवऱ्याने ओढून बघितलं. "आबा, मला तर काही कळत नाहीये."

"तुम्हाला कसं कळेल? तुम्ही कंप्युटरवाले. तुमच्या हातात उंदीर."

नवरा गुडगावच्या कंपनीत आहे, घरून काम करतो. त्या दिवसापासून माउस हरवला की तो "माझा उंदीर कुठाय?" असं विचारू लागला.

आणखी एक गोष्ट आबा करायचे. काच चार वेळा फिरवली की थांबायचे आणि धनुष्य तीस वेळा ओढायचे. मोजून, तोंडाने आकडे म्हणत. मगच पुन्हा काच. मला ते पूजेतल्या पाण्याच्या पळ्यांसारखं वाटायचं. मी म्हटलंही, "आबा, एकदाच काय ते घासून टाका ना."

"लाकडाला बातमी उशिरा पोचते," ते म्हणाले. "आत्ता घासलंय हे त्याला अजून माहीतच नाही."

एका शुक्रवारी, मी ऑफिसातून आले तेव्हा, आबा खुशीत होते. "झालं. गप्प बसलंय. रविवारी मूठ बांधू." नवऱ्याने धनुष्य गॅलरीच्या गजाला आडवं बांधलं, दोरी ओढून धरली आणि मला फोटो काढायला लावला. घरच्या ग्रुपवर टाकायचा होता.

शनिवारी सकाळी चहा पिताना मी तो फोटो मोठा करून बघत बसले. आमच्या कामात नजर अशीच होते. समास हलला, ओळ खाली गेली, लगेच दिसतं. फोनवर फोटोवर सरळ रेघा ओढता येतात. मी मधोमध एक रेघ ओढली आणि दोन्ही टोकांपासून मोजलं. खालचा हात कमी वाकला होता. फार नाही, करंगळीच्या जाडीएवढा. पण कमी.

पुन्हा मोजलं. तेवढंच.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. कुणी हसेल याची भीती नव्हती, ते धनुष्य बघायला कोण येणार होतं? आबांचं बहुतेक हे शेवटचं धनुष्य, आणि ते वाकडं झालं. हे मला दिसतंय, त्यांना दिसणार नाही. मी तेवढाच विचार करत बसले. आणि मग ठरवलं, त्यांना कळूच द्यायचं नाही. गुपचूप नीट करून ठेवायचं.

हे मला सवयीचं आहे. आमच्या सेक्शनमध्ये ज्युनिअरने नोट लिहून आणली आणि तीत चूक असली, तर मी त्याला बोलावून सांगत बसत नाही. स्वतः दुरुस्त करते आणि पुढे पाठवते. वेळ वाचतो, समोरच्याला लाजायला होत नाही. मी ते नेहमी चांगुलपणाच समजत आले.

त्या दुपारी आबा जेवून झोपले. नवरा गाडीच्या सीट कव्हरसाठी करोल बागेत गेला होता. मी गॅलरीत बसून काचेचा तुकडा घेतला आणि खालच्या हातावर फिरवायला लागले. सुरुवातीला काही निघेना. मग तिरकी धरायची हे हाताला कळलं आणि पिवळट, कुरळे पापुद्रे निघायला लागले. मला काय वाटलं सांगू? मला छान वाटलं. नऊ वर्षांची असताना जे हातात मिळालं नव्हतं ते आत्ता मिळालं होतं. अंगठ्याला काच लागली, थोडं रक्त आलं. त्यावर पट्टी लावून पुन्हा बसले. मध्ये तीस वेळा ओढण्याच्या भानगडीत मी पडले नाही. धनुष्य गजाला बांधायचं, दोरी ओढून खालच्या गजाला अडकवायची, फोटो काढायचा, रेघा ओढायच्या, पुन्हा घासायचं. दुपारभर. शेवटी दोन्ही बाजूंची मापं जुळली. रेघेला रेघ. मी भुसा गोळा करून कोरफडीच्या कुंडीत टाकला आणि धनुष्य होतं तसं कोपऱ्यात उभं केलं.

रविवारी सकाळी आबांनी मूठ बांधायला माझ्या जुन्या सुती साडीची पट्टी फाडून घेतली. बांधायच्या आधी शेवटचं म्हणून धनुष्य उचललं आणि ओढायला लागले. एक, दोन, तीन. मी आत चहासाठी आलं किसत होते, कान बाहेर. अकरा, बारा. तीसपर्यंत गेले आणि थांबले. पुन्हा एकपासून सुरू केलं. दुसऱ्यांदा तीस झाले तेव्हा मी किसणी खाली ठेवली.

आबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. डोळे मिटलेले.

"काय झालं?" मी विचारलं.

"डोलतंय."

"कुठला हात?" हे मी विचारलं. माहीत नसल्यासारखं.

"खालचा. मऊ पडलाय." त्यांनी धनुष्य खाली घेतलं, बोटं लाकडावरून टोकापर्यंत नेली, परत आणली. "परवा गप्प होतं. लाकूड दोन दिवसांत असं बदलत नाही."

नवरा पेपर वाचत होता. म्हणाला, "थंडीमुळे असेल, आबा. दिल्लीची थंडी."

"थंडीने दोन्ही हात बदलतील. एकच कसा?" आबांनी दोरी खाचेतून काढली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे परवा मीच चुकलो. हातांनी मला खोटं सांगितलं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. एक तर मला खरंच कळत नव्हतं की माझं चुकलं कुठे. मी मोजून केलं होतं. मी शिकलेली, माझ्याकडे फोटो होता, रेघा होत्या. आणि दुसरं म्हणजे, सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुम्हाला दिसत नाही म्हणून मी तुमच्या पाठीमागे हे केलं, हे वाक्य तोंडातून निघेना.

आबांनी काच, कानस, दोरी गोणपाटात गुंडाळली. धनुष्य गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवलं. "असू दे. कपडे वाळत घालायला काठी होईल," म्हणाले. मग जावयाकडे वळून, "जावईबापू, तिकीट जरा आधीचं मिळतं का बघा."

त्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी वाटी शोधली नाही. ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी वाटी उचलून हातात दिली तेव्हा घेतली. संध्याकाळी स्वतःच्या खोलीतून बाहेर येताना दारात उभे राहून हाक मारली, "पोरी, दिवा लाव ग." दिवा लावून त्यांना काही जास्त दिसत नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. भिंतीला पंजा लावून घरभर फिरणारा माणूस दारात उभा राहिला होता, कारण पंजा खरं सांगेल याची त्यांना आता खात्री नव्हती. सदरा घातल्यावर मला विचारलं, "बटणं बरोबर लागलीत का?" बरोबर लागली होती.

नवऱ्याने सोमवारी सकाळी मला स्वयंपाकघरात गाठलं. हातात कुंडीतला भुसा होता.

"आबा कुंडीत कचरा टाकत नाहीत," तो म्हणाला.

मी चहा गाळत राहिले.

"आणि तुझा अंगठा कशाने कापला? शनिवारी तर आपण खिचडी खाल्ली, काही चिरलंच नाही."

"मी नीट करत होते," मी म्हटलं.

"बिल्कुल. मग तू सांगतेस की मी सांगू?"

"तू मध्ये पडू नको."

"नाही पडत. पण तिकीट मिळतंय बुधवारचं. मी काढलं नाहीये अजून."

ऑफिसात त्या दिवशी माझं एक काम धड झालं नाही.

संध्याकाळी थेंब घालायची वेळ झाली. थेंब मीच घालत असे. आबा पलंगावर उताणे झोपायचे, मी खालची पापणी ओढून एकेक थेंब सोडायची, मग पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं. एरवी त्या पाच मिनिटांत ते मला पाड्यावरच्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगायचे. त्या दिवशी काही बोलले नाहीत. मी बाटलीला टोपण लावलं. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि त्यांचं बोट अंगठ्यावरच्या पट्टीपाशी थांबलं.

"हे काय?"

"लागलं."

"कशाने?"

ते डोळे मिटून होते म्हणूनच मला बोलता आलं. मी म्हटलं, "काचेने. आबा, शुक्रवारी तुम्ही चुकला नव्हतात. शनिवारी तुम्ही झोपल्यावर मी खालचा हात घासला."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, नेम मोडायचे नाहीत. पण माझा हातही सोडला नाही.

"का?"

"फोटोत खालचा कमी वाकलेला दिसला. मला वाटलं..."

"काय वाटलं? पूर्ण बोल."

"मला वाटलं तुम्हाला दिसलं नाही."

"मला आंधळा समजलीस."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खालून भंगारवाल्याची हाक आली आणि लांब गेली. मग आबा म्हणाले, "पुन्हा सांग."

"काय?"

"पहिलं. शुक्रवारचं."

"तुम्ही चुकला नव्हतात. खालचा हात मी घासला."

"किती?"

"दुपारभर."

"मध्ये मोजून तीस वेळा ओढलंस, असं किती खेपा?"

"एकदाही नाही."

आणि आबा हसायला लागले. पोट हलेपर्यंत. मिटलेल्या पापण्यांतून औषध ओघळून कानापाशी गेलं. मी पदराने पुसलं. "म्हणजे हात माझे शाबूत आहेत!" त्यांनी दोन्ही पंजे छातीवर उचलून धरले. "तू जितकं घासलंस तितकंच ह्यांनी मला सांगितलं. आणि मी ह्यांनाच खोटं ठरवलं, बघ!"

मग हसू थांबलं. एक डोळा उघडून त्यांनी मला नळीतून बघावं तसं बघितलं. "ऑफिसरबाई, दुसऱ्याच्या कामात दुरुस्ती केली तर खाली सही करायची असते की नाही?"

"असते."

"मग? बिनसहीचं कसं सोडलंस?"

मला रडू आलं. त्यांनी येऊ दिलं.

नंतर त्यांनी मला ते समजावलं. बाण मुठीच्या वर टेकतो, म्हणून मूठ मधोमध नसते, जरा खाली धरायची असते. त्यामुळे खालच्या हातावर ओढताना जोर जास्त येतो. म्हणून तो करंगळीभर कडक ठेवायचा, मुद्दाम. फोटोतली करंगळी त्यांनीच ठेवली होती. मी ती घासून टाकली होती. शिवाय मध्ये तीस-तीस वेळा न ओढता घासली होती, म्हणून शनिवारी मापं जुळली आणि आबांनी साठ वेळा ओढल्यावर लाकडाला बातमी पोचली. खालचा हात वरच्याहूनही मऊ झाला.

"आता?" मी विचारलं. "वाया गेलं?"

"उद्या बघू. रजा आहे का तुला?"

मी मंगळवारची रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती काम.

सकाळी ऊन आल्यावर आबा गॅलरीत बसले. धनुष्य हातात घेतलं आणि नुसतं उलटं केलं. काळा ठिपका खाली गेला.

"हा आता खालचा," ते म्हणाले. "तू मऊ केलास तो वरचा. झालं."

"एवढंच?"

"मूठ बांधली असती तर एवढंच नसतं. बांधली नव्हती म्हणून वाचलीस."

अगदी एवढंच नव्हतं. वरचा जरा जास्तच मऊ झाला होता, म्हणून खालच्यावरचे थोडे पापुद्रे काढावे लागले. ते आबांनी माझ्याकडून काढून घेतले. माझ्या मनगटावर त्यांचा हात, हातात काच. चार वेळा काच, तीस वेळा ओढणं. ओढायचं मी, मोजायचं त्यांनी. माझे खांदे भरून आले. सत्तराव्या वेळी मी म्हटलं, "आबा, मी रोज खुर्चीत बसणारी बाई आहे."

"म्हणून तर. ओढायला थोडं हलकं झालंय ते. तुझ्या वयाला बरं पडेल."

आतून नवरा ओरडला, "मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जातंय हां!"

चौथ्या खेपेला मी डोळे मिटून ओढलं, मूठ न आवळता, तळहातावर टेकवून. आणि पहिल्यांदाच मला ते कळलं. डोलणं कसं असतं ते आधीच्या तीन खेपांमध्ये समजलं होतं, म्हणूनच आता ते थांबल्याचं कळलं. लाकूड माझ्या तळहातात बसलं होतं, मांडीवर झोपलेल्या मुलासारखं.

आबांनी गॅसवर खिळा तापवायला सांगितला. मी सांडशीत धरून दिला. त्यांनी नव्या वरच्या टोकाला बोटाने जागा शोधून दोन ठिपके डागले. जुना एक तसाच राहिला. मूठ बांधायच्या आधी म्हणाले, "सही कर."

मी बॉलपेनने लाकडावर सही केली. ऑफिसात करते ती, पूर्ण, खाली रेघ ओढून. आबांनी खिळ्याची काजळी अंगठ्याला लावली आणि माझ्या सहीशेजारी अंगठा टेकवला. आयुष्यभर त्यांनी जिथे जिथे अंगठा उमटवला तिथे तिथे मान खाली घालून उमटवला होता, रोजंदारीच्या वहीत, माझ्या शाळेच्या दाखल्यावर. ह्या वेळी वर बघून हसत उमटवला. मग साडीची पट्टी त्यावरून गुंडाळली.

दुपारी आम्ही गच्चीवर गेलो. थंडी ओसरायला लागली की आमच्या ब्लॉकच्या सगळ्या बायका रजया कठड्यावर ऊन खायला टाकतात. मी आमची जुनी रजई जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर टांगली. बाणाच्या टोकाला आबांनी चिंधीचा बोळा बांधला होता. शेजारच्या क्वार्टरमधल्या शर्माआंटी कठड्याशी उभ्या राहून बघत होत्या.

"रजाई ने आपका क्या बिगाड़ा है जी?"

"कुछ नहीं आंटी, बस सामने टंगी है इसलिए."

आबा माझ्या मागे उभे राहिले, माझ्या कोपराखाली बोटं लावून. मी ओढलं आणि सोडलं. दोरी वाजली. बाण रजईच्या कडेला लागून उसळला आणि आंटींच्या रजयांच्या रांगेत कुठेतरी जाऊन पडला.

"डोललं का?" आबांनी विचारलं.

"नाही. गप्प होतं."

"खरं सांग."

"खरं. लेखी देऊ?"

"दे. मला वाचता येत नाही, पण दे."

मी बाण आणायला निघाले. त्यांनी माझा दंड धरून थांबवलं. "तू थांब. कुठे वाजला ते ऐकलंय मी."

कठडा छातीएवढा उंच आहे, मी थांबले. आबांनी डावा पंजा कठड्याला लावला आणि चालायला लागले. एक रजई, दुसरी रजई, प्रत्येकीवरून हात फिरवत, खाली वाकून मधली फट चाचपत. आंटी बोट दाखवून "उधर, उधर" म्हणायला लागल्या, मी मान हलवून त्यांना गप्प केलं. चौथ्या रजईपाशी आबा थांबले, बसले, हात आत घातला आणि चिंधीच्या टोकाकडून बाण बाहेर काढला. मग तो डोक्यावर धरून, त्याच कठड्याने, माझ्याकडे परत आले.